अत्यवस्थ बालक : दाखल होणे आणि बरे होणे

चेन्नई शहरात एग्मोर भागातील हॉल्स रस्त्यावर मुलांचे एक मोठे सरकारी रुग्णालय आहे. ‘इन्स्टिट्यूट ऑफ चाइल्ड हेल्थ’ या नावाने ते ओळखले जाते. शहराचे नाव मद्रास होते त्या काळात, १९४८ साली, या संस्थेचा आरंभ झाला आणि डॉ. एस. टी. आचार यांच्या नेतृत्वाखाली ती दक्षिण भारतातील बालरोगविद्येचे एक प्रमुख केंद्र बनली. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयाची ती बालरोग शाखा होय. शहरातील झोपडवस्तीतून येथे मुले येतात, तशीच दूरच्या जिल्ह्यांतूनही येतात. त्यांपैकी पुष्कळशी ताप, खोकला, जुलाब अशा साध्या दुखण्यांची असतात आणि औषध घेऊन घरी परततात. परंतु काही मुलांची अवस्था अशी असते की, पुढच्या तासाभरात काय केले जाते यावर त्यांचे जगणे अवलंबून असते. अशा मुलाला अत्यवस्थ म्हणतात, आणि त्याच्यासाठी जो स्वतंत्र विभाग राखून ठेवलेला असतो त्याला अतिदक्षता विभाग.

या विभागाच्या नोंदवहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे निदान दोन नोंदी असतात. मूल कोणत्या अवस्थेत दाखल झाले, ही पहिली. आणि शेवटी त्याचे काय झाले, ही दुसरी. सामान्य माणसाला दुसरी नोंद तेवढी महत्त्वाची वाटते. वैद्याला मात्र पहिली वाचल्याशिवाय दुसरीचा अर्थ लावता येत नाही. असे का, हे समजण्यासाठी लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या शरीराहून कोठे वेगळे आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

मूल म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे. तान्ह्या मुलाच्या श्वासमार्गाचा सर्वांत अरुंद भाग सुमारे ४ मिलिमीटर व्यासाचा असतो. सर्दीखोकल्याने तेथे सर्व बाजूंनी १ मिलिमीटर सूज आली, तर मार्ग २ मिलिमीटरच उरतो. नळी निम्मी अरुंद झाली म्हणजे तिच्यातून हवा ओढण्यास दुप्पट कष्ट पडतील, असे कोणासही वाटेल; पण प्रत्यक्षात नळीचा रोध तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणून कष्ट दुप्पट नव्हे, सोळापट वाढतात. हीच १ मिलिमीटरची सूज ८ मिलिमीटर व्यासाच्या नळीत आली, तर रोध जेमतेम तिपटीच्या थोडा वर जातो. त्यातच लहान मुलाला वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या सुमारे दुप्पट प्राणवायू लागतो. म्हणजे गरज जास्त आणि वाट अरुंद. अशा मुलाचे श्वसनाचे स्नायू काही तास झगडतात आणि मग थकतात.

रक्ताचेही तसेच. दर किलो वजनामागे मुलाच्या अंगात सुमारे ८० मिलिलिटर रक्त असते; १० किलो वजनाच्या मुलात, म्हणजे, अवघे ८०० मिलिलिटर. रक्ताभिसरण कमी पडू लागले की मुलाचे हृदय झपाट्याने धावू लागते आणि हातापायांकडील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. या युक्तीने मेंदू आणि हृदय यांचा पुरवठा बराच वेळ टिकून राहतो आणि रक्तदाबही सामान्य दिसतो. मूल मात्र शॉकमध्ये असते. पुढे एका क्षणी ही युक्ती संपते, रक्तदाब एकाएकी कोसळतो आणि हाती फारसा वेळ उरत नाही. म्हणूनच अनुभवी परिचारिका रक्तदाबाच्या यंत्राची वाट पाहत बसत नाही. ती मुलाच्या बोटाचे टोक दाबून सोडते. पांढरे पडलेले बोट दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाले पाहिजे. त्याला चार-पाच सेकंद लागले, हातपाय गार असले, नाडी जलद व बारीक असली आणि मूल आईकडेही नीट पाहत नसले, तर रक्तदाबाचा आकडा काहीही असो, ते अत्यवस्थ आहे.

अशा रुग्णांची एका जागी अहोरात्र शुश्रूषा करण्याची कल्पना मुलांच्याच एका साथीतून रूढ झाली. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात पहिल्या तीन आठवड्यांत श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले ३१ रुग्ण त्या काळच्या यंत्रांवर ठेवण्यात आले; त्यांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने एक साधा उपाय सुचविला. शस्त्रक्रियेच्या वेळी करतात त्याप्रमाणे श्वासनलिकेत नळी बसवून रबरी पिशवी हाताने दाबीत राहावी आणि रुग्णाच्या छातीत हवा भरावी. २७ ऑगस्ट १९५२ रोजी एका बारा वर्षांच्या मुलीवर त्याने हा प्रयोग करून दाखविला आणि ती वाचली. यंत्रे पुरेशी नव्हती. म्हणून सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे या पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण काही महिन्यांत निम्म्यावर आले. त्यानंतर १९५५ साली स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे केवळ मुलांसाठी असा विभाग निघाला. भारतात मुलांचे स्वतंत्र अतिदक्षता विभाग मुख्यतः १९९० नंतरच्या काळात उभे राहिले, आणि त्यांत चेन्नई हे एक अग्रेसर शहर ठरले.

चेन्नईतील या विभागांत कोणती मुले दाखल होतात? न्यूमोनियाने धाप लागलेली, रक्तात जंतुदोष पसरून शॉकमध्ये गेलेली, आकडी थांबत नसलेली, मेंदूला सूज आलेली, रॉकेल प्यालेली, सर्पदंश वा विंचूदंश झालेली, जन्मतःच हृदयात दोष असलेली. प्रत्येकाची कहाणी वेगळी. परंतु ईशान्य मोसमी पावसाचे दिवस आले, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने लागले, की एका रोगाचे नाव वारंवार ऐकू येऊ लागते. तो रोग डेंग्यू होय. महाराष्ट्रात पाऊस ओसरतो तेव्हा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर तो भरात असतो. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डास वाढतात आणि साथ फैलावते. मद्रासला हा पाहुणा नवा नाही. डेंग्यूसदृश तापाची तेथील पहिली नोंद १७८० सालची सांगतात. २०१२ साली तामिळनाडूत १२ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली.

डेंग्यूविषयी लोकांच्या मनात दोन समज घट्ट बसले आहेत आणि दोन्ही घातक आहेत. ताप उतरला की संकट टळले, हा पहिला. वस्तुतः डेंग्यूत खरा धोका बहुधा ताप उतरतानाच, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उद्भवतो. त्या वेळी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात. रक्तातील पातळ भाग, म्हणजे रक्तरस, छातीच्या व पोटाच्या पोकळीत झिरपतो आणि वाहिन्यांत उरलेले रक्त दाट होते. घरच्यांना अंग गार लागते म्हणून हायसे वाटते. ते गार अंग शॉकचे असू शकते. दुसरा समज रक्तबिंबिकांच्या आकड्याचा. हा आकडा रोज किती उतरला याची चर्चा सारे घर करते, पण मुलाने किती वेळा लघवी केली हे कोणी सांगू शकत नाही. वैद्याच्या दृष्टीने दुसरी माहिती पुष्कळदा अधिक मोलाची असते.

पाझर सुरू झाला की शिरेतून क्षारद्रव द्यावा लागतो. औषध म्हणून याहून स्वस्त वस्तू रुग्णालयात क्वचितच सापडेल. व्हिएतनाममध्ये डेंग्यूच्या शॉकमधील ३८३ मुलांवर झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. शॉक मध्यम तीव्रतेचा असता महागड्या द्रवांइतकाच साधा रिंगर लॅक्टेट द्रवही गुणकारी ठरतो, असे त्यात दिसून आले, आणि इतक्या मुलांपैकी केवळ एक दगावले. म्हणजे डेंग्यूचा शॉक वेळेवर ओळखला, तर प्राण वाचविणे साध्या साधनांच्याही आवाक्यात आहे. मात्र येथे हात सैल सोडून चालत नाही. एक-दोन दिवसांनी पाझर थांबतो आणि बाहेर गेलेला रक्तरस आपोआप वाहिन्यांत परत येऊ लागतो. त्या वेळी सलाईन तसेच चालू राहिले तर फुप्फुसांत पाणी साठते आणि शॉकमधून वाचलेले मूल श्वासासाठी तडफडू लागते. द्रव कधी सुरू करावा याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तो कधी थांबवावा याला महत्त्व आहे.

जंतुदोषाने आलेल्या शॉकमध्ये हाच प्रश्न अधिक बिकट होतो. पाश्चात्त्य देशांतील शिफारस अशी होती की, पहिल्या पंधरा मिनिटांत द्रव भराभर द्यावा. परंतु ज्या रुग्णालयांत मूल उशिरा येते, कुपोषित असते आणि कृत्रिम श्वसनाची यंत्रे मोजकीच असतात, तेथे हा नियम तसाच लागू पडेल काय? हा प्रश्न हॉल्स रस्त्यावरील तातडीच्या विभागात डॉ. इंदुमती संतानम आणि त्यांचे सहकारी यांनी हाती घेतला. त्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. शॉकमधील १४७ मुलांचे दोन गट केले होते. एका गटाला दर किलो वजनामागे ४० मिलिलिटर द्रव पंधरा मिनिटांत देण्यात आला. दुसऱ्याला २० मिलिलिटरच्या टप्प्यांनी, प्रत्येक टप्प्यास वीस मिनिटे घेऊन. दोन्ही गट मिळून मृत्यूचे प्रमाण शेकडा १७.६ होते, आणि वेगाने द्रव दिल्यामुळे अधिक मुले वाचली असे दिसले नाही.

तीन वर्षांनी, २०११ साली, पूर्व आफ्रिकेतून आलेल्या निष्कर्षाने तर वैद्यकीय जग चकित झाले. केनिया, युगांडा आणि टांझानिया या देशांत ताप आणि रक्ताभिसरणाची दुर्बलता असलेल्या ३,१४१ मुलांवर तो अभ्यास झाला होता. जुलाबाने शुष्क झालेली मुले त्यात घेतलेली नव्हती. ज्यांना द्रव भराभर दिला, त्यांच्यापैकी शेकडा सुमारे १०.५ मुले ४८ तासांत दगावली. ज्यांना तसा दिला नाही, त्यांच्यातील प्रमाण ७.३ होते. कोणीही अशी अपेक्षा केली नव्हती. या मुलांपैकी अनेकांना मलेरिया आणि तीव्र पंडुरोग होता आणि अतिदक्षतेची साधने त्या रुग्णालयांत नव्हती, हे लक्षात घेऊनही एक गोष्ट स्पष्ट झाली : एका ठिकाणी प्राणदायी ठरलेला उपचार दुसऱ्या ठिकाणी तपासून पाहिल्याविना उचलता येत नाही. आज द्रव थोडा थोडा देतात आणि प्रत्येक टप्प्यानंतर मुलाला पुन्हा तपासतात. श्वास वाढला काय, यकृत बरगडीखाली खाली उतरले काय, नाडी सुधारली काय? या तपासणीला हात, डोळे आणि घड्याळ एवढीच सामग्री पुरते. फक्त ती करणारा माणूस मुलाच्या उशाशी उभा असावा लागतो.

श्वसनाच्या बाबतीतही असेच एक साधे साधन आहे. नाकात बसविलेल्या नळीतून प्राणवायू द्यावयाचा आणि उच्छ्वासाच्या नळीचे टोक बाटलीतील पाण्यात ५ सेंटिमीटर बुडवून ठेवावयाचे. उच्छ्वास बाहेर पडताना त्याला पाण्याच्या तेवढ्या उंचीचा दाब सोसावा लागतो, बुडबुडे येतात, आणि हाच हलका दाब फुप्फुसातील सूक्ष्म कोश मिटू देत नाही. भौतिकशास्त्राच्या शालेय पुस्तकातील द्रवाच्या दाबाचा नियम येथे मुलाचा श्वास उघडा ठेवतो. बांगलादेशात ढाका येथे डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी शाम्पूच्या रिकाम्या बाटलीतून असे उपकरण तयार केले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, तीव्र न्यूमोनियाच्या ज्या मुलांना नेहमीच्या पद्धतीने मंद वेगाने प्राणवायू दिला त्यांपैकी शेकडा १५ दगावली; बुडबुड्यांच्या उपकरणावरील मुलांत हे प्रमाण ४ होते.

आता नोंदवहीकडे पुन्हा वळू. समजा, एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात शंभर मुले दाखल झाली आणि पाच दगावली. दुसऱ्यात शंभर आली आणि पंधरा दगावली. पहिले रुग्णालय चांगले, असे वर्तमानपत्र वाचणारा माणूस म्हणेल. परंतु पहिल्यात बहुतेक मुले शस्त्रक्रियेनंतर एक रात्र देखरेखीसाठी ठेवलेली असतील, आणि दुसऱ्यात निम्मी मुले बेशुद्धावस्थेत आली असतील, तर? ही अडचण दूर करण्यासाठी मुलाच्या आजाराची तीव्रता मोजण्याचे मापदंड तयार करण्यात आले. अमेरिकेत डॉ. मरे पोलॅक आणि त्यांचे सहकारी यांनी १९८८ साली १४ बाबींवर आधारलेला ‘प्रिझम’ हा मापदंड मांडला. १९९७ साली डॉ. फ्रँक शान आणि त्यांचे सहकारी यांनी आठ बाबींचा ‘पिम’ पुढे आणला. रक्तदाब, बाहुल्यांची प्रकाशाला प्रतिक्रिया, रक्तातील प्राणवायू, कृत्रिम श्वसनाची गरज अशा बाबींवरून मूल दगावण्याचा संभव किती, हे गणिताने काढतात. सर्व मुलांचे संभव मिळविले की अपेक्षित मृत्यूंची संख्या मिळते.

वरील उदाहरणात पहिल्या रुग्णालयातील अपेक्षित मृत्यू चार असतील, तर प्रत्यक्षातील पाचांना चाराने भागून १.२५ हे गुणोत्तर येते. दुसऱ्यातील अपेक्षित मृत्यू वीस असतील, तर पंधरांचे गुणोत्तर ०.७५ होते. म्हणजे अपेक्षेहून अधिक मुले वाचविली ती दुसऱ्याने.

या दोन मापदंडांतील एक फरक मनोरंजक आहे. मूळ प्रिझममध्ये पहिल्या चोवीस तासांतील सर्वांत वाईट आकडे धरीत. पण त्या चोवीस तासांत हयगयीने मुलाची प्रकृती बिघडली, तर कागदावर ते मूल ‘अधिक आजारी’ ठरते आणि हयगय करणाऱ्याचेच गुणोत्तर सुधारते! पिममध्ये म्हणून भेटीच्या पहिल्या तासातीलच आकडे घेतात. मोजण्याची वेळ बदलली की दोष कोणाच्या पदरी जातो हेही बदलते.

परंतु श्रीमंत देशांतील मुलांवरून तयार केलेला मापदंड भारतात जसाच्या तसा बसत नाही. कुपोषण त्यात धरलेले नाही. तीन दवाखाने फिरून, प्राणवायूविना साध्या गाडीतून चार तासांचा प्रवास करून मूल आले, हेही त्यात कोठे लिहिलेले नसते. त्याहून दुखरी गोष्ट दुसऱ्याच रकान्यात दडलेली असते. खासगी रुग्णालयात उपचाराचा खर्च रोज वाढत जातो. घरातील दागिने गहाण पडतात. आणि एके दिवशी आईबाप मुलाला ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध’ घरी नेतात. नोंदवहीत हे मूल मृतांत नसते, बरे झालेल्यांतही नसते. त्याचे पुढे काय झाले असेल हे प्रत्येकाला ठाऊक असते, आणि आकड्यात ते कोठेच येत नाही. अशा मुलांना वगळून काढलेला मृत्युदर कितीही कमी दिसो, तो खरा मानता येणार नाही. तामिळनाडूत २०१२ साली मुख्यमंत्र्यांच्या नावे सर्वंकष आरोग्य विमा योजना सुरू झाली. तिच्यासारख्या योजनांचा परिणाम जोखावयाचा तर तो याच रकान्यात शोधला पाहिजे.

‘बरे झाले’ या शब्दांचाही एकच अर्थ नाही. दीर्घकाळ कृत्रिम श्वसनावर राहिलेले मूल घरी जाते तेव्हा कधी त्याला पुन्हा बसायला शिकावे लागते. मेंदूज्वरातून उठलेल्या मुलाला ऐकू येते की नाही, ते शाळेत पूर्वीसारखे चालते-बोलते की नाही, हे काही महिन्यांनी पाहिल्याविना निष्पत्तीची नोंद अपुरीच राहते.

मूल दारात येण्यापूर्वी काय घडते, याचे एक लक्षणीय उदाहरण महाराष्ट्रातील आहे. भारतातील विषारी लाल विंचवाच्या शास्त्रीय नावात ‘टॅम्युलस’ हा शब्द आहे; फाब्रिसियसने १७९८ साली त्याला दिलेल्या या नावात तामिळ देशाची खूण आहे. पण हा विंचू कोकणातही विपुल आहे, आणि त्याच्या दंशाने तेथील मुले हृदय निकामी होऊन, फुप्फुसांत पाणी भरून दगावत. महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विषाचा परिणाम बारकाईने अभ्यासला आणि रक्तदाबावरील प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यावर वापरली. शंभरांत तीसच्या वर जाणारे मृत्यू अगदी थोड्यांवर आले. मोठ्या शहरातील अतिदक्षता विभाग तेथे नव्हता. गोळी गावातच, आणि पहिल्या काही तासांत, मिळाली. चेन्नईपुरते बोलावयाचे तर २००८ पासून तामिळनाडूत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाल्याने प्रवासाच्या तासांत प्राणवायू मिळण्याची सोय वाढली आहे. पण रुग्णवाहिका बोलावण्याची वेळ झाली आहे, हे घरातच कोणाला तरी कळावे लागते.

न्यूमोनियाच्या बाबतीत ते कळण्याची रीत जागतिक आरोग्य संघटनेने अगदी सोपी करून ठेवली आहे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंतच्या मुलाचा ५० वा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० वा अधिक असेल, तर तो जलद समजावा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पाणी वा दूध पीत नसेल, किंवा हाक मारूनही नीट जागे होत नसेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा, सदरा वर करून पोटाची हालचाल पाहत. आणि मोजताना मूल शांत असावे. रडणाऱ्या मुलाचा श्वास मोजून काही कळत नाही. आधी त्याला आईच्या मांडीवर द्यावे.